पाटावरची पटाशी

हर्षवर्धनशेठच्या कानाखाली मी जाळ काढला तेव्हा माझ्या हाताला बोंबलाचा वास होता. मारापेक्षा त्याला तो वासच जास्त झोंबला असं मला अजून वाटतं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं, सगळे सुतार, सगळे ओळखीचे, आणि सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मला त्या थपडेचा पश्चात्ताप नाही. पुढे जे झालं त्यानंतरही नाही. माझी चूक दुसरीकडेच झाली.

मी शेफाली. माहेर शीव कोळीवाड्याचं, सासर लालबागचं. सकाळी आईबरोबर बाजारात मासे विकते, दुपारी नवऱ्याच्या गाळ्यात जाते. नवरा वैभव मेस्त्री, मूळचा कोकणातला सुतार. सासरे, म्हणजे गणपत मेस्त्री, मिलच्या सुतारखात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी हा गाळा घेतला आणि मुलाच्या हातात रंधा दिला. वैभव देव्हारे करतो. त्याच्या देव्हाऱ्याच्या कमानीवर कोरलेली वेल बघितली की लोक आधी तिच्यावरून बोट फिरवतात आणि मग किंमत विचारतात. तो माणूस बोलायला मवाळ, भांडायला बिनकामाचा, पण त्याचा उजवा हात म्हणजे आमचं सगळं होतं. मी त्याच्याशी लग्न केलं ते तो हात बघून. घरात कोणी नसताना मी हे त्याला सांगितलेलं आहे.

त्या घरात एक गंमत होती. भांडं पडलं, चमचा पडला, पोळीचं लाटणं घरंगळलं, की वैभव दोन्ही हात झटकन पाठीमागे न्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचा. पहिल्यांदा मला वाटलं, घाबरट दिसतोय. मग कळलं की सासऱ्यांकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जातं. हातातून हत्यार सुटलं तर धरायचं नाही, पडू द्यायचं. "पाय मागे, हात पाठीर," सासरे म्हणायचे. धार गेली तर दगडावर पुन्हा लावता येते, बोटं लावता येत नाहीत. मी वैभवला चिडवायचे, मी घसरून पडले तरी तू हात मागेच नेशील. तो म्हणायचा, तुला धार आहे ना, म्हणून.

तर हत्यारांचं सांगत होते. लालबाग-परळचे सगळे सुतार हत्यारं घ्यायचे ती हर्षवर्धनशेठकडून. त्याच्याकडे काचेच्या कपाटात लाकूड कोरायच्या 'जपानी' पटाश्या असायच्या, पात्यावर त्यांच्या अक्षरांचा शिक्का, भाव तसाच तालेवार. वैभवने हौसेने एक घेतली. सागाची एक कमान कोरेपर्यंत तिची धार उलटली. तो आपला गप्प बसून दगडावर घासत राहिला. म्हणाला, माझंच काहीतरी चुकत असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिळा पापलेट ताजा म्हणून गळ्यात मारला तर गिऱ्हाईक मला काय काय ऐकवतं, आणि हा म्हणतो माझंच चुकत असेल.

मी फोनवर शोधायला बसले. जपानमधल्या एका लहान गावातलं दुकान सापडलं, एक म्हातारा आणि त्याची मुलगी चालवायचे. तीच पटाशी, तोच शिक्का; शेठ इथे एकीचे जेवढे घ्यायचा तेवढ्यात तिथे तीन येत होत्या. हॉलंडमधल्या एका दुकानात धार लावायचे दगड स्वस्त होते, इंग्लंडात करवती. जगभर दुकानं उघडी पडलेली होती आणि आम्ही एका माणसाच्या कपाटासमोर रांग लावत होतो. मी म्हाताऱ्याला पत्र लिहिलं, फोनने त्याच्या भाषेत करून दिलं. भाव केला. त्याने नम्रपणे नाही म्हटलं. मी पुन्हा केला. बाजारात तिसऱ्या नाहीला अर्थ असतो, पहिल्या दोन नाहींना नसतो. शेवटी त्याने एक दगड वर दिला आणि विचारलं, कोरायची सुरी उजव्या हाताची पाठवू की डाव्या? त्या सुरीला एकाच बाजूने धार असते, म्हणून दोन्ही वेगळ्या करतात म्हणे. मला हसू आलं. मी लिहिलं, आमच्याकडे सगळे उजवेच, डाव्या तुम्हालाच राहू द्या.

अडचण एकच होती, पार्सलचं भाडं. एक पटाशी मागवली तरी भाडं तेवढंच, वीस मागवल्या तरी जवळपास तेवढंच. यावर डोकं चालवायला मला कुठल्या कॉलेजात जावं लागलं नाही. भाऊच्या धक्क्यावरून आम्ही बायका एकाच टेम्पोत टोपल्या टाकतो आणि भाडं वाटून घेतो, आई तिच्या लग्नापासून हेच करतेय. मी गल्लीतल्या सुतारांना गोळा केलं. चिंतामणी, राजाराम, पलीकडच्या चाळीतला राकेश, सगळ्यांची मागणी एका पार्सलात. पहिलं पार्सल आलं त्या दिवशी गाळ्यात सण होता. वैभवने नवी पटाशी दगडावर फिरवली आणि मनगटावरचे केस एका झटक्यात उडवले. मग ती कागदासारखी पातळ ढलपी काढत सागात शिरली, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड फिरवून चहा टाकायला गेले.

राकेश तेव्हा सगळ्यात मोठ्याने बोलला होता. "वहिनी, तुम्ही शेठचं दुकान बंद पाडणार." तो सासऱ्यांकडेच शिकलेला, आमच्या गाळ्यात वाढलेला. त्याचं बोलणं मी कौतुक समजले.

आता ती थप्पड. बाकीच्या सुतारांनी शेठकडून आधी घेतलेल्या पटाश्याही तशाच उलटायला लागल्या, तेव्हा मी वैभवची नवी पटाशी पिशवीत घातली आणि थेट दुकानात गेले. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींवर तोच शिक्का. साग आमच्याच गल्लीतला होता, मी सोबत नेला होता. एक शिरली, दुसरीचं पातं वाकडं झालं. मी म्हटलं, "शेठ, शिक्का जपानचा आणि लोखंड कुठलं? कुर्ल्याचं?" शेठ उठला, माझ्या जवळ आला, आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझ्या जातीबद्दल आणि माझ्या आईच्या टोपलीबद्दल एक वाक्य बोलला. ते मी इथे लिहिणार नाही. मी हात उचलला.

वैभवला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "शेफा, हात कशाला उचललास?"

"तू उचलला नसतास म्हणून."

"तो सोडणार नाही."

"मी पण सोडणार नाही."

दुसरं पार्सल आलं तेव्हा ते आमच्या दारापर्यंत पोचलंच नाही. पार्सलवाल्याला गल्लीच्या तोंडाशी दोघांनी अडवलं, पोटात गुडघे घातले आणि खोका फरशीवर आपटून आपटून फोडला. हॉलंडचे दगड चुरा झाले होते, करवतींचे दात एकमेकांत अडकून वाकले होते. पार्सलवाला तोंडातलं रक्त पुसत आमच्या पायरीवर बसला होता आणि माझी सही मागत होता. मी सही दिली, त्याला पाणी दिलं, आणि दात ओठ खात उभी राहिले. चिंतामणीने त्याच संध्याकाळी आपली मागणी काढून घेतली. राजारामने दुसऱ्या दिवशी. त्यांची लेकरं आहेत, मी त्यांना काही बोलले नाही. मनात बोलले.

मग नवरात्राच्या आधी वैभव स्कूटरवरून येत असताना पुलाखाली कोणीतरी मागून धडक दिली. तो पडला, गुडघा सोलवटला. मोटरसायकलवरचा माणूस उतरून त्याच्या उजव्या हातावर बूट ठेवून उभा राहिला. जोर दिला नाही, फक्त ठेवला. "बायकोला सांग, फोरेनची खरेदी बंद. पुढच्या वेळी हा हात काढून घेऊ." वैभवने घरी येऊन सांगितलं ते इतक्या शांतपणे, जसं काही दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलतोय. मी त्या रात्री त्याचा हात माझ्या हातात धरून झोपले आणि झोपले म्हणजे झोपलेच नाही.

पोलीस चौकीत गेलो. तिथे विचारलं, मोटरसायकलचा नंबर? नव्हता. साक्षीदार? नव्हता. मग त्यांनी विचारलं, थप्पड आधी कोणी मारली? तेवढं मात्र सगळ्यांनी बघितलेलं होतं.

आईने ऐकलं आणि सुऱ्यांना धार लावत म्हणाली, "बायो, थांब जरा. समुद्र खवळला की आम्ही पण होडी काढत नाय." मला थांबता येत नाही. मी म्हाताऱ्याला तिसरी मागणी पाठवली, एकट्या आमच्या गाळ्याची. भाडं अंगावर पडलं तरी चालेल, पण शेठचं कपाट बघायचं नाही. वैभव नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी तो म्हणाला, "हात माझा आहे, शेफा." मी म्हटलं, "म्हणूनच." ह्या एका शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट माहीत होता, आता नाही.

ती पटाशी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आली. रुंद पात्याची, माझ्या तीन बोटांएवढी. वैभव रागावलेला होता, पण हातात घेतल्यावर राग टिकला नाही. दिवसभर दगडावर बसला. आधी मागची बाजू आरशासारखी केली, मग धार. संध्याकाळी त्याने ती माझ्यासमोर धरली, मला माझा डोळा तिच्यात दिसला.

खंडेनवमीला आमच्या गाळ्यात काम बंद असतं. गाळा धुऊन, भुसा झाडून, सगळी हत्यारं पाटांवर मांडायची. रंधे, करवती, वाकस, पटाश्या, मोगरी. झेंडू, हळद, कुंकू, नारळ. एकदा पूजा झाली की हत्यारांना कोणी शिवायचं नाही; दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सासरे पहिलं हत्यार उचलून लाकडाच्या तुकड्याला लावतात, मग काम सुरू. मधल्या वेळात कोणी चुकून पाटावरचा खिळा उचलला तरी सासरे दिवसभर बोलत नाहीत. मला हे कधीच पटलेलं नव्हतं. माझ्या माहेरी नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतात आणि लगेच होडी पाण्यात ढकलतात. पूजा झाली म्हणजे वस्तू कामाला लागली, असं आम्ही समजतो. मी वैभवला तसं म्हणायचे, तो हसायचा. दोन घरांच्या दोन रीती, त्यावर कोण भांडत बसतं. पण पाटावर काय पडलेलं आहे आणि त्याला हात कोणी लावणार नाही, हे लालबागच्या प्रत्येक सुताराला माहीत होतं. राकेशलाही.

दुपारची आरती झाली. नवी पटाशी मधल्या पाटावर होती, पात्यावर कुंकवाचं बोट. सासरे डोळे मिटून बसले होते. मी प्रसाद वाटीत काढत होते तेव्हा दारात अंधार झाला.

चौघे होते. दोघांच्या हातात बांबू, एकाच्या हातात लोखंडी पहार, आणि सगळ्यात मागे राकेश. तिघे बुटांसकट आत घुसले. राकेशने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. ते मी बघितलं. ज्या गाळ्यात शिकला त्या गाळ्यातल्या माणसाचा हात मोडायला आला होता आणि पूजा आहे म्हणून चपला काढत होता. आजही मला त्या चपला दिसतात आणि हाताची मूठ वळते.

पहिला बांबू सासऱ्यांच्या खांद्यावर बसला. ते बसल्या जागी कलंडले. वैभव उठला आणि मधे आला, नुसत्या हातांनी. दुसरा बांबू त्याच्या पोटात गेला, तो दुमडला. पहारवाल्याने त्याला केसांना धरून बाकड्यापाशी ओढलं, ज्या बाकड्यावर तो रोज काम करतो त्याच. दुसऱ्याने त्याचा उजवा हात पिरगाळून फळीवर पसरवला. "बोटं उघड," तो म्हणाला. वैभवच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर पाट होता. पाटावर केस उडवणाऱ्या धारेची हत्यारं ओळीने होती. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चौघांपैकी कोणीही त्या पाटाची भीती बाळगत नव्हतं, राकेशने त्यांना सांगून आणलं होतं की हे लोक आज हत्यार उचलत नाहीत.

राकेशला एक गोष्ट लक्षात राहिली नव्हती, की मी मेस्त्रीण नंतर झाले.

मी नवी पटाशी उचलली. सासरे खालून ओरडले, "शेफाली, ठेव गो ती. देव बसलेत थंय." वैभवही म्हणाला, फळीवर गाल दाबलेला असताना, "शेफा, नको." मी ऐकलं आणि ऐकलं नाही. पहार वर गेली होती. मी पात्याची कड पहारवाल्याच्या दंडावर ओढली, जशी सुरमईच्या पाठीवर पहिली चीर देतात तशी. शर्ट उघडला, मांस उघडलं, मग रक्त आलं. पहार त्याच्याच पायावर पडली. तो ओरडला नाही, चकित झाला होता. दुसरा वैभवचा हात सोडून माझ्यावर आला. मी पटाशी त्याच्या मांडीत घातली. हाडाला लागल्याचं मला मुठीत कळलं. मी ओढून बाहेर काढली आणि पुन्हा घातली. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि मला आनंद झाला. मी खोटं कशाला बोलू, झाला. महिनाभर साठलेलं सगळं हातातून वाहत होतं. तिसरा माणूस हातातला बांबू टाकून दाराकडे पळाला, पाटाला त्याचा पाय लागला, नारळ घरंगळला, करवती खणखणल्या.

मग राकेशने तो टाकलेला बांबू उचलून मागून माझ्या मनगटावर मारला.

हात एकदम मेला. पटाशी सुटली आणि वर उडाली. मी ती उडताना बघितली, कुंकू आणि रक्त एकत्र झालेलं पातं गरगर फिरत होतं आणि खाली येत होतं, उंबऱ्याकडे, जिथे बुटांची घाण आणि राकेशच्या चपला होत्या. वैभव बाकड्यापासून नुकता सुटून उभा राहिला होता. घरात चमचा पडला तरी ज्याचे हात पाठीमागे जातात तो माणूस. त्या दिवशी त्याचे हात मागे गेले नाहीत. पूजेला बसलेलं हत्यार चपलांवर पडू द्यायचं नाही एवढंच त्याला दिसलं असणार. त्याने उजवा हात पुढे केला आणि पटाशी हवेत धरली. पात्याला धरली.

त्याने ती पडू दिली नाही. मूठ घट्ट केली. एक क्षण काहीच दिसलं नाही, धारच तेवढी बारीक होती. मग मुठीच्या खालून रक्ताची धार लागली.

सगळं थांबलं. मांडी धरून बसलेला माणूससुद्धा बघत राहिला. वैभव चालत पाटापाशी गेला, गुडघे टेकले आणि पटाशी जागेवर ठेवायला मूठ उघडू लागला. मूठ उघडली, पण बोटं पुन्हा मिटेनात. तीन बोटं नुसती लोंबत होती. त्याने ती दुसऱ्या हाताने वाकवून बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"वैभव," राकेश म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "का धरलीस रे? बाबांनी काय शिकवलंय, का धरलीस?" आणि तो खाली बसला.

मी डाव्या हाताने मोगरी उचलली, लाकूड ठोकायचा तो जड हातोडा, आणि राकेशला मारायला लागले. खांद्यावर, पाठीवर, डोक्यावरून आडव्या धरलेल्या हातांवर. नंतर त्याने हातही खाली घेतले. त्याचं कोपर कुठल्या फटक्याला मोडलं ते मला सांगता येणार नाही. सासऱ्यांनी सरपटत येऊन माझा पाय धरला तेव्हा मी थांबले. म्हातारा माणूस, सुनेचे पाय धरून म्हणत होता, "पुरे गो बाय, पुरे. झिलाक बघ." मग मी मोगरी टाकली आणि माझी ओढणी वैभवच्या हाताभोवती गुंडाळली. ती भिजली, वर दुसरं फडकं गुंडाळलं.

टॅक्सीत तो एकच वाक्य बोलला. "दोन घरांच्या रीती एका पाटावर आल्या बघ." मी त्याला गप्प बसवलं. मला तेव्हा रडायचं नव्हतं.

डॉक्टरांनी तासनतास हातावर काम केलं. आतल्या शिरा आणि कंडरा त्यांनी जोडल्या, पण जखम इतकी साफ होती, इतकी खोल, की ते स्वतःच म्हणाले, अशी धार आम्ही फक्त आमच्या ऑपरेशनच्या सुऱ्यांनाच बघतो. अंगठा आणि पहिलं बोट चालेल. बाकीच्या तिघांचं सांगता येत नाही, म्हणजे चालणार नाहीत. मी मान हलवली. ती पटाशी मी दहा दुकानं फिरून, भाव करून, समुद्रापलीकडून घरात आणली होती.

पोलिसांच्या कागदावर दोन्ही बाजूंचे गुन्हे लागले. पहारवाला आणि मांडीवाला यांनी माझं नाव दिलं, मी त्यांचं दिलं. राकेश हाताला प्लास्टर घालून आला आणि हर्षवर्धनशेठचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. शेठला तो दंड, ती मांडी, तो हात, यातलं काहीच लागलं नाही. चिंतामणी, राजाराम, सगळे पुन्हा त्याच्या कपाटासमोर उभे राहायला लागले. मी बाजारातून येताना दुकानावरून जाते तेव्हा तो नमस्कार करतो. तो नमस्कार सहन करणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात कठीण काम आहे.

त्या वर्षी आमच्या गाळ्यात दसरा झालाच नाही. सासरे म्हणाले, वैभव आल्याबिगर हत्यार उचलूचा नाय. हत्यारं तशीच पाटांवर राहिली. झेंडू सुकून काळा पडला, रंध्यांवर धूळ बसली. मधल्या पाटावर ती पटाशी, तिच्यावरचं रक्त गंजासारखं तपकिरी झालेलं. पुसायचं धाडस कोणाला झालं नाही.

दिवाळी उलटल्यावर टाके निघाले आणि वैभव पहिल्यांदा गाळ्यात आला. सासऱ्यांनी त्याला पुढे केलं. त्याने उजव्या हाताने रंधा धरला. अंगठा आणि एक बोट रंध्याला काही धरून ठेवू शकत नाहीत. रंधा घसरला, आणि खाली पडला तेव्हा त्याचे दोन्ही हात झटकन पाठीमागे गेले. तो स्वतःच हसला. मी नाही हसू शकले. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडाला पदर न लावता.

आत आले तेव्हा तो पाटापाशी बसला होता. "ही साफ कर," तो म्हणाला. "धार लाव. तुला येते."

मी दगड पाण्यात भिजवला आणि ती पटाशी घेऊन बसले. तपकिरी पाणी दगडावरून वाहिलं, मग काळं, मग स्वच्छ. मी सुऱ्यांना लहानपणापासून धार लावतेय, हात आपोआप चालत होता. डोळ्यांसमोर हर्षवर्धनशेठची मान होती, कॉलरच्या वरची, जाड, पावडर लावलेली. प्रत्येक घासणीला ती मान होती. वैभवने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"शेफा, लाकडासाठी लावतेयस ना?"

मी दगडावर पुन्हा पाणी शिंपडलं. त्याने डावा हात पुढे करून पटाशी माझ्या हातातून काढून घेतली. सावकाश, मुठीला धरून. मग सागाचा तुकडा गुडघ्यात दाबला आणि डाव्या हाताने पातं टेकवलं. ते भलतीकडेच गेलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा गेलं. पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या पोरासारखी वेडीवाकडी ढलपी निघाली. सासरे बघत होते. त्यांनी लाकूड फिरवून त्याच्या गुडघ्यात नीट बसवलं, जसं त्याच्या लहानपणी बसवलं असेल.

"तो तुझा म्हातारा," वैभव मान वर न करता म्हणाला. "त्याच्याकडे डाव्या हाताची सुरी असते ना?"

मी फोन काढला आणि तिथेच बसून लिहिलं. एक कोरायची सुरी, डाव्या हाताची. म्हाताऱ्याचं उत्तर लगेच आलं. आहे, म्हणाला, आणि भाव लिहिला. खाली एक ओळ होती, की बाई, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात तुमच्याकडे सगळे उजवे आहेत. आणि नेहमीसारखं काही कमी करायचं असेल तर सांगा.

मी भाव केला नाही. मी फक्त हो लिहिलं आणि पैसे पाठवले.